माईकवरची पाटी

पाथर्डीला माझ्या मामांचे स्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. भिंतीवर खुंट्यांना टांगलेले कर्णे, कोपऱ्यात तारांची वेटोळी, फळीवर बॅटऱ्या आणि मधोमध लाकडी मेजावर ते मशीन. गावात त्याला कोणी अॅम्प्लिफायर म्हणत नसे. मशीनच म्हणत. मढीची कानिफनाथांची यात्रा असो, मोहटादेवीचे नवरात्र असो, सप्ताह असो की एखाद्या बागायतदाराच्या घरचे लग्न. बैलगाडीत आधी मशीन चढे, मग मामा. सुटीत मी त्यांच्याकडे गेलो, की गाडीत त्या मशीनवर हात ठेवून बसण्याचा मान माझा असे.

मशीनच्या पुढच्या अंगाला एक लहानशी धातूची पाटी होती. पाचवीत इंग्रजी अक्षरे लागू लागली, तेव्हा मी ती पहिल्यांदा वाचली. शिकागो रेडिओ. शिकागो कुठे आहे, असे मी मामांना विचारले. मुंबईत, असे त्यांनी बॅटरीत पाणी घालता घालता सांगून टाकले. पुढे भूगोल शिकलो तेव्हा मामांच्या अज्ञानाचे मला फार हसू आले. आणखी बऱ्याच वर्षांनी कळले, की त्या पाटीपुरते मामांचेच उत्तर बरोबर होते.

पावसाळ्यात यात्रा थांबत, लग्ने थांबत. मग मामा ते मशीन घरी आणीत. कर्णा काढून त्याला सागवानी कपाटात बसवलेला मोठा कागदी पडद्याचा स्पीकर जोडीत, बाजूला तवे वाजवायचे यंत्र ठेवीत आणि रात्री जेवणे आटोपली की माजघरात मैफल बसे. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागे. आधी काचेच्या नळ्यांच्या पोटात शेंदरी ठिणगी दिसे, मग हलकी घरघर, आणि मग हिराबाई बडोदेकर किंवा बालगंधर्व थेट आमच्या माजघरात. पुढे शहरात मी बड्या लोकांच्या दिवाणखान्यात फार महागडी परदेशी यंत्रे ऐकली. त्यांच्यात सुई पडल्याचाही आवाज ऐकू येतो, हे मान्य. पण मामांच्या मशीनमधून गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटे. ते आठवणीचे कौतुक असेल. मी वाद घालणार नाही.

त्या पाटीची दुसरी भेट शाळेत झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंडित नेहरूंचा भाषण करतानाचा फोटो होता. पंडितजींच्या हनुवटीखाली माईक, आणि माईकखाली तीच अक्षरे. आमच्या मामांच्या मशीनवरचे नाव पंतप्रधानांच्या तोंडासमोर! ही गोष्ट मी वर्गात सगळ्यांना सांगितली आणि कोणीही विश्वास ठेवला नाही. आज हा लेख लिहायला बसलो आहे तो त्या पाटीमागच्या माणसाबद्दल. त्यांचे नाव नानिक मोटवाने. गांधी, नेहरू, सुभाषबाबू यांचे जुने फोटो पाहिलेल्या प्रत्येकाने त्यांच्या धंद्याचे नाव वाचलेले आहे. एके काळी सभामंडपांत या माणसाला सारे ओळखीत. आज नाव ओळखीचे वाटते, माणूस मात्र आठवत नाही.

सक्कर ते मुंबई

मोटवाने घराणे सिंधमधले. नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधू नदीकाठच्या सक्कर गावी विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला. त्या काळी सक्करसारख्या गावात विजेचे सामान विकायला बसणे म्हणजे धाडसच. थोड्याच वर्षांत धंदा कराचीला गेला आणि १९१९ च्या सुमारास मुंबईला आला. अमेरिकेतल्या शिकागो नावाच्या टेलिफोन कंपनीचा माल हे लोक मागवीत. त्यामुळे पेढीचे नावही शिकागो टेलिफोन सप्लाय असे पडले. पुढे टेलिफोनच्या जोडीला रेडिओ आला आणि लोकांच्या तोंडी शिकागो रेडिओ एवढेच राहिले. सिंधी माणसांनी मुंबईत चालवलेल्या पेढीला असे अमेरिकेतल्या शहराचे नाव मिळाले. मामांचा भूगोल बरोबर होता तो असा.

नानिक यांचा जन्म १९०२ चा. म्हणजे पेढी मुंबईत आली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. ज्या वयात मन कशाने तरी भारून जाते, नेमके त्याच वयात त्यांच्यासमोर दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे वडिलांच्या दुकानात येणारी नवनवी यंत्रे. दुसरी म्हणजे गांधीजी. १९१९ हे रौलेट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाचे वर्ष, आणि त्या सत्याग्रहाचे मुंबई हे मोठे केंद्र. नानिक खादी घालू लागले. दुकान मात्र त्यांनी सोडले नाही. देशासाठी वकिली सोडलेले, शाळा सोडलेले, नोकरी सोडलेले लोक आपल्या इतिहासात पुष्कळ आहेत. हा माणूस आपला धंदा हातात घेऊनच देशकार्याला गेला, आणि त्याची गोष्ट वेगळी होते ती इथे.

आवाजाची मर्यादा

आजच्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. टिळकांच्या हयातीत, म्हणजे १९२० पर्यंत, आपल्याकडच्या सभा माणसाच्या घशावर चालत. वक्त्याचा आवाज जिथे विरला, तिथे सभा संपली. मोकळ्या मैदानात चांगला कमावलेला आवाज दोन-तीन हजार माणसांपर्यंत जाई. त्यापलीकडचे लोक दर्शन घेऊन परत जात. कीर्तनकाराचा, शाहिराचा, नाटकातल्या नटाचा आवाज कमावलेला असे. पुढाऱ्यांचा तसा असेलच असे नाही. मोठ्या सभेत मधूनमधून माणसे उभी करून वक्त्याचे वाक्य पुढे सांगत नेण्याची पद्धत होती. वाक्य पाचव्या माणसापर्यंत पोहोचेतो काय होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

आणि गांधीजींचा आवाज तर मुळातच बारीक. त्यांच्या सभेला माणसे येत ती मात्र लाखांनी. १९२९ च्या सुमारास अशाच एका सभेत नानिक यांनी पाहिले, की लोकांना ऐकू जावे म्हणून गांधीजी एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जात आहेत आणि तरीही त्यांचे बोलणे पोहोचत नाही. मोटवाने यांची हकीकत सांगणारे सगळे या प्रसंगापासून सुरुवात करतात. बाकीच्यांनी त्या दिवशी महात्म्याचे कष्ट पाहिले असतील. दुकानदाराच्या मुलाला तिथे यंत्राची जागा दिसली.

यंत्र जगात आलेले होते. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला होता. त्याची करामत समजायला फार विज्ञान लागत नाही. आमच्याकडे पाटाच्या पाण्याला दारे धरतात ना, तसेच ते. वाहते पाणी मोठे, पण ते अडवायला आणि सोडायला दाऱ्याशी बसलेल्या माणसाच्या हाताची हालचाल थोडी पुरते. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या तारेकडून विजेचा प्रवाह निघतो; मधल्या जाळीवर माईककडून आलेला नाजूक विद्युत्‌दाब त्याला अडवतो, सोडतो. बोलणाऱ्याच्या आवाजाची जशी चढउतार, तशीच त्या मोठ्या प्रवाहाची. असे दोन-तीन टप्पे एकापुढे एक जोडले की कुजबुजही कर्ण्यातून गर्जना होऊन बाहेर पडते. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन दिएगो शहरात अशा यंत्रांवरून हजारो लोकांशी बोलले होते. आपल्याकडे ही यंत्रे मागवायची, जोडायची आणि उन्हाधुळीत चालवायची, हे काम कोणीतरी अंगावर घेण्याचे बाकी होते.

कराची, मार्च १९३१

नानिक यांनी ते काम १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात केले. अधिवेशन मार्चच्या अखेरीस होते; अध्यक्ष वल्लभभाई पटेल. २३ मार्चला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपले राजगुरू यांना फाशी झाली होती आणि त्याला आठवडाही झाला नव्हता. तरुण मंडळी चिडलेली होती. आयर्विनशी करार करून आलेल्या गांधीजींचे स्वागत त्यांनी काळी फुले देऊन केले. अशा सभेत वक्त्याचे म्हणणे शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचणे किती महत्त्वाचे असेल! ऐकू न आलेल्या वाक्याच्या जागी रागावलेला माणूस आपले वाक्य घालतो.

कराची म्हणजे नानिक यांचा सिंध प्रांत. वडिलांनी ज्या शहरात काही वर्षे दुकान चालवले, त्याच शहरात मुलाने काँग्रेसला आवाज दिला. पुढे सोळा वर्षांनी ते शहर, आणि सक्करही, परक्या देशात गेले. पण तेव्हा ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कराचीनंतर काँग्रेसची सभा आणि शिकागो रेडिओ हे समीकरण होऊन बसले. हे काम वरवर दिसते तेवढे सोपे नव्हते. मामांच्या हाताखाली मी जे थोडे शिकलो, त्यावरून त्याचा अंदाज करता येतो. सभेच्या आधल्या दिवशी जागेवर जायचे. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून कर्णे बांधायचे. कर्ण्याचे तोंड माईककडे वळले तर शिट्टी घुमू लागते, म्हणून दोहोंत अंतर राखायचे. खेड्यात वीज नाही, तेव्हा बॅटऱ्या न्यायच्या किंवा जनित्र. गर्दीच्या पायाखाली तार तुटली तर गर्दीतूनच वाट काढून ती सांधायची. व्हॉल्व्ह गेला तर वक्ता पुढचे वाक्य बोलण्याच्या आत दुसरा बसवायचा. आणि सगळे नीट पार पडले तर कोणाला काही कळतच नाही. स्पीकरवाल्याची आठवण होते ती आवाज बंद पडल्यावर. मामा म्हणत, की आपला धंदा पाणक्यासारखा आहे. पाणी मिळाले की पाणक्याकडे कोण बघतो.

काँग्रेसच्या सभांसाठी मोटवाने यांनी कित्येक वर्षे मोबदला घेतला नाही, असे सांगितले जाते. यात निव्वळ देशभक्ती पाहायची, की व्यापार? माझे मत असे, की दोन्ही पाहावे. देशातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस ज्या माईकसमोर उभा राहतो, त्या माईकवर आपल्या नावाची पाटी लावणारा माणूस व्यापाऱ्याचाच मुलगा होता. वर्तमानपत्रात फोटो छापून आला की पाटीही छापून येई. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी संस्थानिकाला, गिरणीमालकाला, नाटक कंपनीला तसेच यंत्र हवेसे वाटे. त्या पाटीसारखी जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती. पण याच पाटीची दुसरी बाजूही आहे. सरकार ज्या सभांना राजद्रोही म्हणते, त्या सभांत आपले यंत्र वापरले गेले, याचा पुरावा मोटवाने स्वतःच फोटोगणिक तयार करून ठेवत होते. जाहिरात हीच कबुलीही होती. तिची किंमत द्यायची वेळ १९४२ मध्ये आली.

गवालिया टँक आणि नगरचा किल्ला

७ आणि ८ ऑगस्ट १९४२. मुंबईचे गवालिया टँक मैदान. अखिल भारतीय काँग्रेस समितीने छोडो भारतचा ठराव केला आणि गांधीजींनी रात्री दीर्घ भाषण केले. माईक मोटवान्यांचे होते. भाषणे लोकांपर्यंत पोहोचवण्याबरोबर ती मुद्रित करून ठेवण्याचेही काम त्यांच्या माणसांनी केले. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली. बोरीबंदरहून एक खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान राजवाड्यात नेले. कार्यकारिणीच्या नेत्यांना घेऊन गाडी पुढे आली ती आमच्या नगरला.

आता अहिल्यानगर म्हणायचे, हे मला ठाऊक आहे. पण ती हकीकत नगरच्या किल्ल्याची म्हणूनच आमच्या कानांवर पडली. मामा तेव्हा नगरला शाळेत होते. किल्ल्याच्या खंदकापलीकडे एकाएकी पहारा वाढला, रस्ता बंद झाला, आणि आत कोणाला आणले आहे हे सरकार सांगेना. कुजबुज मात्र बाजारभर पसरली. आत नेहरू होते, वल्लभभाई होते, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव होते. सगळे मिळून बारा जण. त्यांतले बहुतेक अडीच वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले. नेहरूंनी भारताच्या शोधाचे आपले पुस्तक १९४४ मध्ये तिथेच लिहिले.

मला या प्रसंगाचे नेहमी विशेष वाटत आले आहे. अकरा वर्षे ज्या आवाजांना मोटवाने यांनी लाखो माणसांपर्यंत नेले, ते सगळे आवाज एका रात्रीत एका दगडी किल्ल्यात कोंडले गेले. तटापलीकडच्या शाळकरी पोरालाही त्यांतले अक्षर ऐकू येत नव्हते. यंत्रे मुंबईत जागच्या जागी होती. त्यांच्यापुढे बोलणारे कोणी उरले नव्हते.

मग मुंबईत काही तरुण मुले पुढे आली. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. तेच काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवर ते लागे. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारखी बदलावी लागे; आज गिरगाव, उद्या गावदेवी, परवा महालक्ष्मी. वर्तमानपत्रांना जे छापायची बंदी होती, ते हे केंद्र सांगे. चिमूर-आष्टीत गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची हकीकत त्याने बाहेर आणली. त्याच्यामागे भूमिगत नेते होते. राममनोहर लोहिया होते, आणि अच्युतराव पटवर्धन होते.

अच्युतराव आमच्या नगरचे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये नगरला झाला. थोरले बंधू रावसाहेब आणि अच्युतराव ही जोडी नगर जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातली फार मोठी. बेचाळीसमध्ये वेष पालटून फिरणाऱ्या अच्युतरावांना पोलीस शेवटपर्यंत पकडू शकले नाहीत. म्हणजे पाहा कसा योग. देशाचे पुढारी नगरच्या किल्ल्यात मुके होऊन बसले होते आणि त्यांच्या वतीने आकाशातून बोलणाऱ्या केंद्रामागे नगरचाच एक माणूस उभा होता.

आरोपीच्या पिंजऱ्यात

असे केंद्र चालवायला हिंमत लागते, आणि सामानही लागते. युद्धाच्या दिवसांत प्रक्षेपणाचे सुटे भाग विकण्यावर सरकारची करडी नजर होती. मुंबईत असे सामान आणि ते हाताळणारी माणसे कोणाकडे असणार? पोलिसांना फार डोके चालवावे लागले नाही. गवालिया टँकवरच्या भाषणांची मुद्रणेही काँग्रेस रेडिओच्या कामी आली होती. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी एका फुटलेल्या तंत्रज्ञाने जागा दाखवली आणि गिरगावातल्या पारेखवाडीत चालू प्रक्षेपणावर पोलिसांचा छापा पडला. अधिवेशनाची छायाचित्रे आणि बोलपट फिती असलेल्या पेट्याही पोलिसांनी जप्त केल्या. या प्रकरणात नानिक मोटवानेही पकडले गेले.

विशेष न्यायालयात पाच जणांवर खटला चालला. चौघे तरुण कार्यकर्ते, आणि पाचवे हे चाळिशीचे दुकानदार. काँग्रेस रेडिओला सामान आणि मदत पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. निकाल १९४३ मध्ये लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेन मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. ते दोघे सुटले.

सुटले, म्हणून आपण त्यांना विसरलो, असे मला कधी कधी वाटते. शिक्षा झाली असती तर कदाचित एखाद्या चौकाला नाव मिळाले असते. उषाबेनच्या धैर्याची कथा आज पुस्तकांत आणि चित्रपटात आली आहे, आणि ती यायलाच हवी होती. पण चाळीस वर्षांच्या संसारी माणसाने, ज्याच्या पेढीवर अनेक घरे चालतात, त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ आणून घेणे हीसुद्धा एक किंमत होती. परवाना गेला असता तर पेढी बुडाली असती. हे ठाऊक असूनही त्यांनी पाटी झाकली नाही.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ नंतर मोटवान्यांची यंत्रे राजरोस देशभर फिरू लागली. पंडितजींच्या सभा, निवडणुका, धरणांची आणि कारखान्यांची उद्घाटने. पुढची दोन दशके फोटोंत तीच पाटी दिसत राहते. ज्या आवाजाला नगरच्या तटाबाहेर पडायला बंदी होती, तो आता त्याच यंत्रातून सरकार म्हणून बोलत होता. बाहेरून माल मागवणारी पेढी हळूहळू स्वतःची यंत्रे घडवू लागली. घराण्याचा व्याप आमच्या शेजारच्या नाशिक रोडपर्यंत आला आणि तिथे विजेच्या मोजमापाची उपकरणे बनू लागली. जुनी यंत्रे मुंबईहून तालुक्याच्या गावांत उतरू लागली, एका हातून दुसऱ्या हाती विकली जाऊ लागली. त्यांतलेच एक पाथर्डीला मामांच्या मेजावर आले.

मग ट्रान्झिस्टर आला. तापायची वाट नको, जड रोहित्र नको, काचेच्या नळ्या फुटण्याची भीती नको. यंत्रे हलकी झाली, स्वस्त झाली, बनवणारेही पुष्कळ झाले. दिल्लीच्या अहुजांची यंत्रे गावोगाव दिसू लागली. व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. मामा ते मुंबईच्या जुन्या बाजारातून रद्दीच्या भावाने आणून गव्हाच्या कोठीत जपून ठेवीत. शिकागो रेडिओची पाटी व्यासपीठांवरून हळूहळू नाहीशी झाली. आज तसे मशीन कुठे आढळलेच तर ते हौशी संग्राहकाच्या घरात, काचेआड. काही शौकीन त्यातले व्हॉल्व्ह आणि रोहित्रे काढून घरच्या संगीतासाठी नवी यंत्रे बांधतात. मामांनी पावसाळ्यात जे केले तेच, फक्त आता त्याला फार पैसे पडतात.

आणि आवाजाचे काय झाले? ज्या देशात पुढाऱ्याचे बोलणे पोहोचवायला एका माणसाने आयुष्य वेचले, त्या देशात आवाज आवरायला २००० साली नियम करावे लागले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, असा कायदा आला. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे आज आमच्या वाड्याच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. यात यंत्राचा दोष नाही. दाऱ्यावर बसलेला माणूस पाणी उसाला सोडतो की गावात, हे पाटाच्या पाण्याला ठाऊक नसते. आपले यंत्र कोणापुढे ठेवायचे, हे मोटवान्यांनी मात्र ठरवले होते, आणि त्या निवडीचा जाब द्यायला ते न्यायालयात उभे राहिले होते. स्पीकरवाल्याला असे काही ठरवावे लागते, हेच आपण विसरलो आहोत.

काही वर्षांपूर्वी नगरचा किल्ला पाहायला गेलो होतो. लष्कराच्या ताब्यातला तो किल्ला, नेहरूंची जपून ठेवलेली खोली, बाहेरचे आवार. तिथे फार शांत असते. खोलीच्या दारात उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा आठवले ते मामा. खंदकापलीकडे दप्तर घेऊन उभे असलेले, आतून काही ऐकू येते का म्हणून कान देणारे. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज पोहोचवण्याचा धंदा त्यांनी का धरला, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता मामा नाहीत. त्यांचे मशीनही बंद पडून कित्येक वर्षे झाली. धाकट्या मामेभावाने ते भंगारात देण्याआधी मला बोलावले होते. एवढे जड यंत्र माझ्या शहरातल्या दोन खोल्यांत ठेवायला जागा नव्हती. मी पेचकस मागून घेतला, चार स्क्रू काढले आणि पाटी तेवढी घेऊन आलो.

ती माझ्या मेजावर आहे. घरी येणारी मुले वाचतात आणि विचारतात, की शिकागो रेडिओ म्हणजे अमेरिकेचा का? मी त्यांना मामांचे उत्तर देतो, आणि मग ही सगळी गोष्ट सांगायला बसतो.